फ्लेमिंगोचा बगळा होतो तेव्हा

ठाणे-नवी मुंबईतल्या रंगवलेल्या भिंतींचा वाद मला जर्मनीत राहूनही चुकत नाही. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने उड्डाणपुलांचे खांब रंगले, पाम बीच रोडकडच्या भिंतींवर गुलाबी फ्लेमिंगो उतरले, आणि भांडण सुरू झालं. रहिवासी म्हणतात, पानाच्या पिचकाऱ्यांपेक्षा हे बरं. कला महाविद्यालयांतली मुलं म्हणतात, हे सुशोभीकरण आहे; समकालीन कला प्रश्न विचारते, नटवत नाही. जुने ड्रॉइंग मास्तर दोघांनाही झापतात, की ज्याला धड हात काढता येत नाही तो इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तूंची मांडणी, करतो. गंमत अशी की तिघांचाही साक्षीदार एकच असतो: ‘बाहेर बघा’, म्हणजे परदेशात.

बाहेर बघितलं तर साक्ष कुणाच्याच बाजूने पूर्ण पडत नाही. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, कला अकादम्यांत रेखाटन फार घोटून घेत नाहीत हे खरं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देऊन आलेल्या आपल्या मुलाचा वस्तुचित्राचा हात बहुतेक वर्गमित्रांपेक्षा तयार असतो. पण कौशल्य हद्दपार झालेलं नाही, ते कार्यशाळेत राहायला गेलंय. लाकूड, धातू, प्लास्टर, छपाई अशा प्रत्येक कार्यशाळेला पगारी तंत्रज्ञ असतो आणि सुरक्षेचा वर्ग केल्याशिवाय करवतीच्या मशीनला हात लावू देत नाहीत. ‘कल्पना सुचली की झालं’ हा समज पहिल्याच सत्रात गळून पडतो, कारण कल्पनेला वजन असतं आणि ते कशावर तरी टेकवावं लागतं.

विषयांच्या बाबतीत मात्र इथलं कौतुक करण्यासारखं फारसं नाही. अकादमीचं वार्षिक प्रदर्शन फिरून बघा: हवामान, स्थलांतर, शरीर, स्मृती. शेजारच्या कागदावर ‘ही कलाकृती अमुकाचा शोध घेते’. भारतातून आलेल्याकडून मसाले, साडीचं कापड किंवा आजीच्या आठवणी यांतलं काहीतरी अपेक्षित असतं. आपल्याकडे विषय परिपत्रकातून येतो, इकडे अनुदानाच्या अर्जातून. स्वातंत्र्यात म्हणावा तेवढा फरक नाही. अशा निवेदनाची मी एक चाचणी करतो. त्यातली ‘स्मृती’, ‘स्थलांतर’ अशी सगळी मोठी नामं खोडायची आणि उरलेल्या मजकुरातून वस्तू कशाची आहे, केवढी आहे आणि तिच्यासमोर उभ्या माणसाला काय करावं लागतं, हे कळतं का ते बघायचं. बहुतेक वेळा काही कळत नाही.

खरा फरक उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. जर्मनीत ‘कुन्स्ट आम बाउ’, म्हणजे ‘बांधकामातली कला’, नावाची पद्धत आहे. केंद्र सरकारच्या इमारतींसाठी बांधकाम खर्चाच्या साधारण 0.5 ते 1.5 टक्के रक्कम कलाकृतीसाठी धरावी, असं मार्गदर्शन आहे. रकमेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रस्ताव निवडताना ‘हे टिकवायला पुढे किती खर्च येईल’ हा प्रश्न टेबलावर असतो. योसेफ बॉइस या जर्मन कलाकाराने 1982 मध्ये कासेल शहरातल्या डोक्युमेंटा या कलाप्रदर्शनात 7000 झाडं लावायला घेतली, प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक खांब. 1986 मध्ये तो वारला, शेवटचं झाड 1987 मध्ये लागलं, आणि आजही ती झाडं सांभाळणं हे शहराचं काम आहे. कल्पनेइतकीच ती देखभालही कलाकृतीचा भाग आहे.

आता आपल्या भिंतीकडे येऊ. खाडीलगतची भिंत मागून ओली असते. पाणी क्षार घेऊन पुढच्या बाजूला येतं, तिथे वाळतं आणि क्षाराचे स्फटिक रंगाच्या पापुद्र्यामागे वाढतात. ॲक्रिलिक इमल्शनचा थर वाफेला पुरेशी वाट देत नाही, म्हणून आधी फुगे येतात, मग पोपडे. जमिनीपासूनचे दोन-तीन फूट सगळ्यात आधी जातात. त्यावर पुट्टी भरून पुन्हा रंगवणं म्हणजे तोच आजार दुप्पट खर्चात.

तपासायला पैसे लागत नाहीत. दीड फूट चौरस प्लास्टिक भिंतीला लावायचं, चारही कडा टेपने बंद करायच्या आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी आतून थेंब दिसले तर ती भिंत आत्ता रंगवायची नाही. खार आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडायचा; पाण्याने धुतला की विरघळून परत आत शिरतो. नवं प्लास्टर असेल तर किमान 28 दिवस थांबायचं, नाहीतर सिमेंटचा अल्कली रंग खातो. मग अल्कली सोसणाऱ्या एक्स्टिरियर प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे दोन. दोन हातांना लिटरमागे 50 ते 60 चौरस फूट धरले तर 100 फूट लांब आणि 8 फूट उंच भिंतीच्या नुसत्या पार्श्वभूमीला 15 लिटरच्या आसपास रंग जातो. खडबडीत प्लास्टर त्याहून जास्त पितं. शेवटी चकाकीसाठी मारतात तो क्लिअर कोट ओल्या भिंतीवर उपकार नव्हे, ती वाफेची शेवटची खिडकी बंद करणं आहे.

आणि तो गुलाबी रंग! किरमिजी-लाल छटा बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांच्या असतात आणि पांढरा मिसळून फिकट केल्या की उन्हात आणखी लवकर उडतात. मागचं निळं-हिरवं पाणी थॅलो (फ्थॅलोसायनिन) रंगद्रव्यांचं असतं, ते तग धरतं. म्हणून पश्चिमेच्या उन्हातल्या भिंतीवर खाडी शाबूत राहते आणि फ्लेमिंगोचा बगळा होतो. भरतीचं पाणी अडल्यावरून 2024 मध्ये नेरुळच्या डीपीएस तलावाचा, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात त्या पाणथळीचा, वाद झाला. तो माहीत असलेल्याला या उडालेल्या रंगात कुठल्याही निवेदनाहून नेमकी समकालीन कला दिसेल. ती कुणी योजलेली नाही, एवढंच.

1878 मध्ये आडोल्फ विल्हेल्म काइमने पेटंट घेतलेला सिलिकेट रंग जर्मनीतल्या कलाकारांच्या हाताशी असतो. पोटॅशियम सिलिकेट प्लास्टरशी रासायनिकरीत्या जोडलं जातं, पापुद्रा धरत नाही, वाफ अडवत नाही. अडचणी दोन. आधीच्या प्लास्टिक पेंटवर तो बसत नाही, सगळं खरवडावं लागतं. आणि त्याला खनिज रंगद्रव्यंच चालतात, म्हणजे झगझगीत गुलाबी विसरा. किंमतही आपल्या पालिकेला झेपणारी नाही.

त्याची गरजही नाही, कारण आपल्याकडे चुना आहे आणि तोही वाफ अडवत नाही. चांगला विरवलेला, गाळलेला चुना दुधाइतका पातळ करायचा. त्यात गेरू किंवा पिवळी माती, पण चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. जास्त झाली तर रंग हाताला लागतो. भिंत आधी ओलसर करायची आणि चार-पाच पातळ हात द्यायचे. ऑक्टोबरच्या दुपारी मारला तर चुना धरण्याआधीच वाळून भुकटी होते, तेव्हा सकाळ किंवा संध्याकाळ गाठायची. डोळ्यांना चष्मा हवाच, चुना भाजतो. हा रंग पावसागणिक झिजतो आणि दिवाळीआधी पुन्हा द्यावा लागतो. मला हाच त्याचा गुण वाटतो.

वारली चित्राचं मूळही असंच आहे: गेरू किंवा शेणामातीची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा, लग्नापुरतं चित्र, मग पुसट होऊ द्यायचं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे डहाणूचे, म्हणजे 2014 पर्यंतच्या ठाणे जिल्ह्यातले. 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँगसोबत त्यांचं प्रदर्शन झालं. त्याच परंपरेतल्या आकृत्या आपण उड्डाणपुलाच्या खांबांवर स्टेन्सिलने छापतो आणि वर क्लिअर कोट मारतो.

भंगारातून केलेल्या लोखंडी शिल्पांचं दुखणं वेगळं नाही. खाडीच्या खारट हवेत साधं लोखंड सांध्यांतून गंजतं, कारण वेल्डिंगच्या फटीत ब्रश पोचत नाही पण पाणी पोचतं. सगळ्यात खालच्या जागी 10-12 मिलिमीटरची भोकं ठेवली तर पाणी साचत नाही. परवडत असेल तर तुकडे हॉट डिप गॅल्वनाइझ करावेत, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढावेत; मात्र बंद पाइपला आधी भोक पाडलेलंच हवं, नाहीतर 450 अंशांच्या जस्तात आतली हवा आणि ओल फुगून तो फुटतो. नाहीच जमलं तर सँडब्लास्ट, झिंक असलेला इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन, याच क्रमाने. यात ‘बाहेर बघा’ म्हणायची गरज नाही. खडूने पत्र्यावर काढलेला आकार संध्याकाळपर्यंत कापून, वाकवून देणारे कारागीर वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भ्यात आहेत. ते काम जर्मनीत कार्यशाळेचा नंबर लागेपर्यंत सुरूही होत नाही. आपल्या कला शिक्षणाने एमआयडीसीला अजून कार्यशाळा मानलेलं नाही, हे मला इकडे आल्यापासून जास्त खटकतं.

त्यामुळे ‘ही कला की सुशोभीकरण’ या वादाऐवजी निविदेच्या कागदावर भांडावं. आज भिंतीचा दर चौरस फुटाने ठरतो, म्हणून रंगवणारा लवकर आणि ओल्या भिंतीवर रंगवतो. त्याचा दोष नाही. त्याऐवजी रकमा वेगळ्या दाखवाव्यात: आराखड्याचं मानधन, भिंतीची दुरुस्ती, परांची, रंगकाम, आणि तीन पावसाळ्यांनंतरच्या डागडुजीसाठी राखून ठेवलेले पैसे. काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच, सर्वेक्षण कधीही असो. कलाकाराचं नाव भिंतीच्या कोपऱ्यात, पण जमिनीपासून तीन फूट वर. खालचा भाग पहिल्याच पावसात जाणार आहे.