तिरळेपणा फक्त स्नायूंचा? फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

‘तिरळेपणा म्हणजे डोळ्याचा स्नायू सैल पडणं. मेंदूचा काही संबंध नाही. मूल मोठं झालं की जातो. नाहीच गेला तर पुढे कधीही ऑपरेशन करता येतं.’ पालकांच्या मोबाइलवर हा मजकूर फिरतोय. त्यातली चारही विधानं तपासायला हवीत.

स्नायू सैल? लहानपणीच्या बहुतेक तिरळेपणात प्रत्येक डोळ्याचे सहाही स्नायू धडधाकट असतात. चांगला डोळा झाकला की तिरळा डोळा सगळीकडे नीट फिरतो. बिघडलेलं असतं ते दोन्ही डोळे एकाच बिंदूवर धरून ठेवणारं मेंदूचं नियंत्रण. चष्म्याचा प्लस नंबर जास्त असलेल्या काही मुलांचा डोळा तर स्पष्ट पाहण्याच्या ताणामुळेच आत वळतो आणि नुसत्या चष्म्यानं सरळ होतो.

मेंदूचा संबंध नाही, हे सगळ्यात घातक विधान. मोठेपणी अचानक डोळा तिरळा झाला तर एकाच्या दोन वस्तू दिसतात. लहान मुलाला सहसा तशा दिसत नाहीत, कारण त्याचा मेंदू एका डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांजरीच्या पिल्लांचा डोळ्याचा एक स्नायू कापून मुद्दाम तिरळेपणा आणला. मेंदूच्या दृष्टिकेंद्रात दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी एरवी सुमारे ८० टक्के असतात. या पिल्लांत त्या २० टक्क्यांच्या आसपास उरल्या. माणसातही सतत एकच डोळा तिरळा राहिला तर आतला पडदा निरोगी असूनही तो डोळा ‘आळशी’ होतो, म्हणजे त्याची नजर कमी राहते. डोळे आलटूनपालटून तिरळे होत असतील तर दोन्हींची नजर टिकते, पण वस्तू किती जवळ-लांब आहे याची जाणीव बहुधा जाते.

वयानं जातो? पहिल्या चारेक महिन्यांत डोळे अधूनमधून भरकटणं चालतं, त्यानंतर नाही. जे ‘आपोआप बरे’ झाले, त्यांतल्या अनेकांना तिरळेपणा नव्हताच. नाकाचा रुंद पूल तसा भास करतो. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर मात्र त्याच दिवशी तपासणी हवी, कारण ती डोळ्यातल्या कर्करोगाची खूण असू शकते.

आणि पुढे कधीही ऑपरेशन? मोठेपणीही ते उपयोगी ठरतं, पण त्यानं डोळा सरळ होतो, आळशी डोळ्याची नजर वाढत नाही. त्यासाठी आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी. डोळ्याचा आळस मध्यम आणि मुलाचं वय तीन ते सात असेल तर रोज दोन तास साधारणपणे पुरतात. पट्टी त्वचेवरच चिकटवावी. चष्म्यावर लावली की मूल कडेनं पाहतं. तासही मनानं वाढवू नयेत, कारण जास्त झाकल्यानं चांगल्या डोळ्याची नजरही उतरू शकते.