दोष फक्त वापरणाऱ्याचा? मग बटण बदलल्यावर माणसं कशी बदलली?

गेली काही वर्षं एक मजकूर ग्रुपांमधून फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: ‘सोशल मीडिया वाईट नसतो, वापरणारा वाईट असतो. सुरीने भाजी चिरा नाहीतर गळा, सुरीचा काय दोष? नको असेल तर ॲप काढून टाका. टीव्ही आला तेव्हाही लोक असेच ओरडत होते. अपायाचा पुरावा काहीच नाही. आणि मुलांचं आईबापांनी बघावं.’

पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यातले कितीतरी जण स्वतःच फोन बाजूला ठेवायला धडपडत असतात. पण रात्री दोनपर्यंत जागून सकाळी स्वतःवरच चिडलेल्या माणसाला हा मजकूर सांगतो की तुझ्यातच दम नाही. हे खरं नाही आणि त्या माणसावर अन्याय करणारंही आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी सुरी. सुरी पडून राहते. आपण काय चिरलं याची ती नोंद ठेवत नाही, बराच वेळ हात लावला नाही म्हणून हाका मारत नाही आणि रात्रीतून तिची धार कुणी दुरून बदलू शकत नाही. फीडच्या, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेच्या, बाबतीत हे सगळं होतं. 2012 च्या जानेवारीत फेसबुकने 6,89,003 जणांच्या फीडमध्ये आठवडाभर फेरफार केले. काहींना आनंदाच्या पोस्ट कमी दाखवल्या, काहींना नकारात्मक पोस्ट कमी. ज्यांना आनंदाचं कमी दिसलं, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यातही नकारात्मक शब्द किंचित वाढले. परिणाम अगदी छोटा होता, हे मान्य. पण आपल्यावर प्रयोग चाललाय हे त्या जवळपास सात लाख माणसांना कुणी सांगितलं नव्हतं. शोधनिबंध छापून आला 2014 मध्ये.

याहून बोलकी गोष्ट रागाच्या इमोजीची आहे. कुठली पोस्ट वर आणायची हे ठरवताना फेसबुकने 2017 पासून इमोजी प्रतिक्रियांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिलं. त्यात रागाने लाल झालेला चेहराही आला. म्हणजे एखादी पोस्ट वाचून तुम्ही संतापलात, तर त्या हिशेबात ती पोस्ट तुम्हाला आवडण्यापेक्षा पाचपट मोलाची ठरली. राग ओढणाऱ्या पोस्टमध्ये खोटी माहिती आणि विखार जास्त असतो, हे 2019 मध्ये कंपनीच्याच विश्लेषकांनी दाखवून दिलं. 2020 मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं गेलं. मधल्या काळात किती भावंडं, किती जुने मित्र एकमेकांशी भांडून बसले आणि त्यातली किती भांडणं या वजनामुळे समोर आली, हे आता कुणीच मोजू शकणार नाही. त्या सगळ्यांना ‘तुम्ही नीट वापरलं नाही’ म्हणायचं?

आणि हा फॉरवर्ड ज्या दोन बाणांची खूण घेऊन येतो, तिच्याकडेही बघा. मजकूर पाच किंवा अधिक हातांतून गेला की व्हॉट्सॲप ती खूण लावतं. एप्रिल 2020 मध्ये नियम आला की असा मजकूर एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल. त्याच महिन्यात कंपनीने सांगितलं की अशा मजकुरांची फिरती जगभरात 70 टक्क्यांनी घटली. माणसं तीच होती, त्यांचा स्वभाव आणि संस्कारही तेच होते. एवढ्या दिवसांत कुणी शहाणं झालं नाही. पुढे ढकलणं थोडं जिकिरीचं झालं, इतकंच. दोष फक्त वापरणाऱ्याचा असता तर हा आकडा हलायलाच नको होता.

‘नको असेल तर काढून टाका.’ ज्यांनी प्रयत्न केलाय त्यांना विचारा. फेसबुकचं खातं बंद करायला गेलं की आधी तात्पुरतं बंद करण्याचा पर्याय पुढे येतो, मग का जाताय याची विचारणा होते. सगळं ओलांडून ‘कायमचं हटवा’ दाबलं तरी खातं लगेच जात नाही, 30 दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत सवयीने एकदा आत शिरून विनंती मागे घेतली की मागचं सगळं जसंच्या तसं. नाव नोंदवायला मात्र काही मिनिटं पुरतात.

पण खरी अडचण बटणाची नाही, बाकीच्या माणसांची आहे. 2023 मध्ये अर्थतज्ज्ञ लिओनार्दो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं की चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल? सरासरी 59 डॉलर. मग विचारलं, तुमच्यासकट सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? तेव्हा उलट आपल्याच खिशातून सरासरी 28 डॉलर द्यायची तयारी निघाली. मला हा निष्कर्ष फार अस्वस्थ करतो. कितीतरी मुलं तिथे आहेत ती बाकीचे आहेत म्हणून, आणि बाकीचेही त्याच कारणासाठी. वर्गाचा ग्रुप, कार्यक्रमांची आमंत्रणं, दुसऱ्या दिवशीच्या गप्पांचा विषय सगळं तिथेच. एकट्याने बाहेर पडणं म्हणजे वाळीत पडणं. हा पेच एकट्याच्या निर्धाराने सुटत नाही.

टीव्हीची तुलना थोडक्यात उरकते. ओरड तेव्हाही झाली, आणि त्यातली काही अनाठायी होती. पण टीव्हीवरचा कार्यक्रम सगळ्यांना एकच दिसायचा आणि कधीतरी संपायचा. 2006 मध्ये ॲप आणि वेबसाइटची रचना करणारे अझा रॅस्किन यांनी पान न संपता खाली सरकत राहण्याची रचना केली आणि नंतर तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. शिवाय तुमचा चेहरा किती जणांना आवडला हे टीव्ही कधी मोजत बसला नाही.

‘पुरावा नाही’ हा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो झटकून टाकता येणार नाही. 2019 मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम 0.4 टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जुळत होता. भीती पसरवणाऱ्यांनी हे वाचायला हवं. पण ती सगळ्या डिजिटल वापराची आणि सगळ्या मुलांची सरासरी आहे. तीत मित्राशी गप्पा मारणारा मुलगाही येतो आणि स्वतःच्या पोटाचे फोटो रोज दुसरीच्या फोटोंशी ताडून बघणारी मुलगीही. सरासरी काढली की ती मुलगी दिसेनाशी होते.

तिचा शोध इतरांनी घेतलाय. फेसबुक 2004 ते 2006 या काळात अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये एकदम नाही, टप्प्याटप्प्याने पोचलं. संशोधकांनी याचाच फायदा घेऊन कॉलेजांची तुलना केली. जिथे फेसबुक पोचलं तिथल्या विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं वाढलेली आढळली, आणि स्वतःला इतरांशी ताडून बघणं हे त्याचं संभाव्य कारण दिसलं. तेव्हा लाइकचं बटणही नव्हतं, ते 2009 मध्ये आलं. 2018 च्या एका प्रयोगात काहींनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. त्यांचा दिवसाचा सुमारे तास वाचला आणि समाधान थोडं वाढलं. बातम्यांची माहिती कमी झाली, तेही नोंदवायला हवं. फेसबुकमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॉगेन यांनी 2021 मध्ये बाहेर आणलेल्या कागदपत्रांत तर कंपनीचीच पाहणी होती (इन्स्टाग्रामही तिचंच): शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के म्हणत होत्या की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. जी मुलगी आधीच दुखावलेली आहे, तिलाच जास्त लागतं.

राहिले आईबाप. त्यांनी लक्ष घालायलाच हवं. पण आपल्या लेकराच्या फीडमध्ये पुढची पोस्ट कुठली येणार हे त्यांना कळायला मार्ग नाही. ते ठरवणाऱ्या कंपनीला कळतं. खात्यासाठी 13 वर्षांची अट आहे, तीही मुलांच्या मनाचा विचार करून ठरलेली नाही. ती मुलांची माहिती गोळा करण्याविषयीच्या 1998 च्या अमेरिकी कायद्यातून आली. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून हे वय 16 केलं. तो कायदा कितपत यशस्वी होईल यावर वाद होऊ शकतो, पण 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा दंड त्यात कंपन्यांना ठेवलाय, मुलांना किंवा आईबापांना नाही.