अठराशेची सुरमई

दोन हजारांवरून घासाघीस करत मी अठराशेवर आणलेली सुरमई सध्या एका निवृत्त गृहस्थांच्या फ्रीजरमध्ये आहे. मसाला लागलाही असेल एव्हाना.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून मेअखेरच्या रविवारी ठाण्याच्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. मी कोळीणमावशींना फक्त एवढंच म्हणालो, "तुकड्या करा, डोकं वेगळं ठेवा. फ्रीजरला टाकायचीय."

"फ्रीजरला?" मागून आवाज आला. बर्म्युडा, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. "मिस्टर, तुमच्या फ्रीजरचं तापमान किती?"

माणसाला पगार विचारावा एक वेळ. "असतं की थंड," मी म्हणालो.

"उणे १८ पाहिजे. आहे?"

"बर्फ होतो त्यात व्यवस्थित."

"बर्फ शून्याला होतो!" हे त्यांनी गर्दीकडे वळून सांगितलं. गर्दीने, मी शाळेत नापास झालो असावा अशा नजरेने, माझ्याकडे पाहिलं. "मासा हळूहळू गोठला की आत मोठाले स्फटिक होतात. पेशी फाटतात. मग तव्यावर टाकलात की सगळं पाणी सुटतं आणि तुम्ही लाकूड खाता. लाकूड!"

"मग काय करू?"

इथे चुकून प्रश्न विचारला गेला आणि त्यांना जे हवं होतं ते मिळालं. माझ्या हातातली झिपवाली पिशवी त्यांनी काढून घेतली, मावशींच्या पाटीतला एक बांगडा न विचारता उचलून तिच्यात टाकला आणि पिशवी शेजारच्या बादलीत बुडवली. "बघा! पाणी हवेला वर ढकलतं. तोंड तेवढं पाण्याबाहेर. आता बंद! हवा राहिली तर मासा आतल्या आत वाळतो, पांढरे चट्टे पडतात. हा आर्किमिडीज!"

"ओ काका," मावशी कोयता थांबवून म्हणाल्या, "हात धुवायचं पानी हाय ते. तुमचा आर्मिडीज घरी न्या. आनि त्या बांगड्याचे पैसे कोन देनार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवी माझी होती ना.

मी फोन काढला. नेटवर्क गोल गोल फिरू लागलं. तेवढ्यात काकांनी खिशातून कोऱ्या नोटा काढल्या आणि म्हणाले, "मावशी, ही सुरमई मलाच द्या. यांच्याकडे वाया जाईल."

"अहो, भाव मी केलाय!"

"अठराशेच ना? बरोबर केलात," काका म्हणाले. आणि माझी सुरमई घेऊन जाता जाता ओरडले, "वितळवताना फ्रीजच्या खालच्या कप्प्यात! ओट्यावर नाही! आणि एकदा वितळलेली परत गोठवायची नाही!" मी काय वितळवणार होतो?

पापलेटकडे वळलो. २०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. आता भाव विचारायलासुद्धा मंत्रालयातून पास काढावा लागेल. तरी मिळतं ते तळहाताएवढं. एवढी पिल्लं कोण पकडतं, कोण विकतं आणि माझ्यासारखे कोण विकत घेतात, यावर बोलायला गेलो तर बाजारात एकालाही तोंड दाखवायला जागा उरायची नाही. मी चार घेतली.

बाकी बांगडे आणि कोळंबी. बांगड्यात तेल फार, त्यामुळे तो गोठवला तरी दोन-तीन महिन्यांत खवट होऊ लागतो. म्हणजे माझ्या नशिबी टिकणारा मासा नाहीच. कोळंबीची डोकी काढून डब्यात घातली आणि ती बुडेल इतकं पाणी ओतलं. पण डबा ठेवायचा कुठे? आमच्या फ्रीजरमध्ये आईचं खवलेलं खोबरं, जानेवारीतले मटार, आमरसाचे तीन डबे आणि कुणाच्या तरी गुडघ्याची जेलची पिशवी. पाचवा माणूस असल्यासारखी ती पिशवी वर्षानुवर्षं तिथे राहते आणि तिला हलवायचं म्हटलं की घरात सगळ्यांचेच गुडघे दुखू लागतात. वर पावसाळ्यात वीज जाणार ती जाणारच. तेव्हा त्या उणे १८चं काय करायचं, ते काकांनी सांगितलं नाही.

शेवटी जेलची पिशवी दाराच्या कप्प्यात गेली. प्रत्येक पुडक्यावर तारीख घातली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कारल्याचे काप'. भाचा जूनभर राहायला येतोय.