बॅबिलोनची त्रिकोणमिती म्हणे आजच्यापेक्षा अचूक!

'३७०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर त्रिकोणमिती सापडली. ती आजच्यापेक्षा अचूक आहे, तिच्यावरच जमिनी मोजत आणि पायथागोरसने ती चोरली.' हा फॉरवर्ड पुन्हा आलाय.

चोरीचं लगेच मिटवू. काटकोन त्रिकोणाचा नियम बॅबिलोनमध्ये (आजचा इराक) पायथागोरसच्या हजारेक वर्षं आधी माहीत होता, हे खरं. तो त्याने तिथून उचलला याला पुरावा नाही. मुळात त्याने स्वतः तो सिद्ध केला की नाही, हेही पक्कं नाही.

आता त्रिकोणमिती. ज्या पाटीवरून हे सुरू झालं ती प्लिम्प्टन ३२२. तिच्यावर १५ ओळी आहेत. पहिल्या ओळीत एक बाजू ११९ आणि कर्ण १६९; तिसरी बाजू १२० धरली की काटकोन त्रिकोण जमतो. पण कोन? तो कुठेच नाही. २०१७ मध्ये मॅन्सफिल्ड आणि वाइल्डबर्गर या गणितज्ञांनी याला त्रिकोणमितीचं कोष्टक म्हटलं. गणिताच्या इतिहासकार एलेनॉर रॉबसन यांनी त्याआधीच दाखवलं होतं की हे आकडे व्यस्त संख्यांच्या (ज्यांचा गुणाकार १ येतो अशा) जोड्यांतून निघतात, शिक्षकाने गणितं तयार करून ठेवावीत तसे. मला रॉबसन पटतात.

'आजच्यापेक्षा अचूक' ही तर कमालच. बॅबिलोनच्या ६० च्या पद्धतीत एक तृतीयांश नेमका २० साठांश होतो, आपल्या दशांशात तो संपतच नाही. पण एक सप्तमांश त्यांच्याकडेही संपत नव्हता. पाटीवर फक्त सुटसुटीत बसणाऱ्या संख्या घेतल्या आहेत. पेपर आपणच काढायचा आणि पैकीच्या पैकी मिळवायचे, तसं हे. वर लेखनिकाच्या चुका आहेत त्या वेगळ्याच.

जमिनीचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही. एसआय ४२७ ही दुसरी पाटी खरोखरच शेताच्या वाटणीचा नकाशा आहे. १८९४ मध्ये तिथल्याच सिप्पार शहरात सापडलेली, आता इस्तंबूलमध्ये आहे. मॅन्सफिल्ड यांना तिच्यात ५-१२-१३ आणि ८-१५-१७ बाजूंचे काटकोन त्रिकोण दिसले, म्हणजे काटकोन नीट आखायची युक्ती. पण वेड्यावाकड्या शेताचं क्षेत्रफळ काढायची बॅबिलोनवाल्यांची नेहमीची रीत ढोबळ होती: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्या गुणायच्या. आयत असेल तर उत्तर बरोबर, शेत तिरकं असेल तर जास्त. चारही बाजू १० निंदान (एक निंदान सुमारे ६ मीटर) आणि कर्ण १२ व १६ असलेलं शेत घ्या. खरं क्षेत्रफळ ९६ सार (एक सार म्हणजे एक चौरस निंदान), या रीतीने १००. वरचे ४ सार म्हणजे आपला जवळजवळ दीड गुंठा, फक्त पाटीवर असलेला.