नदी कुणाची ते तुम्ही ठरवा, नाला तेवढा आमचा

परवा बेळगावच्या उद्यमबागेत जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या आधी मोबाईल उघडला (खोटं कशाला बोलू, रोजच असं होतं). शिवाराच्या ग्रुपवर एकशे चौदा मेसेज. म्हटलं कोण गेलं-बिलं की काय. तसं काही नव्हतं, म्हादई होती, त्या नदीच्या पाण्याचं भांडण. गोव्याच्या कुणा पुढाऱ्याचं भाषण, त्यावर बेंगळूरहून कुणाचं तरी उत्तर, आणि मग आपली मंडळी. कुणी गोव्याच्या बाजूनं, कुणी हुबळीच्या, कुणी नुसतंच 'एक थेंबही देणार नाही'. कुणाचा थेंब, कुणाला, काही पत्ता नाही. मीही लालबुंद तोंडाचा इमोजी ठोकला आणि भाकरी मोडली.

मग सहज वर सरकवत गेलो. चार दिवसांपूर्वी आमच्या काकांनी बळ्ळारी नाल्याचा फोटो टाकला होता. पुलाखाली जलपर्णी इतकी दाटलेली की गुरं चरायला सोडावीत. खाली एकच ओळ : 'पाणी वाढूलालंय, कोण येतंय काय बघायला?' त्याला दोन अंगठे. एक माझा, दुसरा काकांच्याच पोराचा.

तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सोडून द्या.

म्हादईबद्दल बोलू नये असं मी म्हणत नाही. उलट इतरांपेक्षा आपणच जास्त बोलायला हवं, ती आपल्याच जिल्ह्यात उगवते. खानापूर तालुक्यात देगावच्या रानात, भीमगडच्या जंगलात. कणकुंबीला जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल, माऊलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम, ती पूर्वेला निघाली. तिथून जवळच कळसा नाला, तो पश्चिमेला म्हादईकडे. एवढ्याशा डोंगरावर दोन्हीकडचं पाणी वाटलं जातं आणि त्यावरून तीन राज्यं कोर्टात. 2010 साली लवाद नेमला, 2018 च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला : कर्नाटकाला 13.42 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. त्यातलं कळशाचं 1.72 आणि भांडुरा नाल्याचं 2.18 मिळून 3.9 टीएमसी मलप्रभेत वळवायचं, म्हणजे ते नवलुतीर्थ धरणात जाणार आणि तिथून हुबळी-धारवाडला. केंद्रीय जल आयोगानं डिसेंबर 2022 मध्ये आराखडा मंजूर केला. पुढच्याच महिन्यात अमित शहा आपल्या जिल्ह्यात येऊन वाद मिटला म्हणून सांगून गेले आणि तिकडे गोव्यात भडका उडाला. मिटलेला वाद इतका पेटलेला मी तरी दुसरा बघितला नाही.

माझं मत विचाराल तर जंगल फोडून पाणी वळवू नये. मलप्रभा त्याच जंगलावर जगते, आणि जंगल पोखरून तिच्यात पाणी ओतायचं म्हणजे म्हशीची कास कापून दूध वाढवण्यासारखं आहे. पण गदग जिल्ह्यातल्या नरगुंदचा शेतकरी 2015 पासून या पाण्यासाठी रस्त्यावर बसलाय, त्याला ग्रुपवर 'चोर' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो काय गोव्यावर सूड उगवायला बसला नाही. त्याची विहीर आटलीय.

कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाचंही तेच. उंची 519.60 मीटरवरून 524.256 करायची म्हटल्यावर कोल्हापूर-सांगलीकडचे म्हणणार आम्ही बुडालो, इकडचे म्हणणार तुम्ही कोयना सोडता. आमची आत्या सदलग्याला. 2019 च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा घरात शिरली तेव्हा ती शाळेत राहायला गेली. तिला विचारलं तर म्हणते, "कुणीबी सोडा रे बाबा, पर सोडायच्या आदी सांगा तेवढं."

तर नाला.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारातून हा नाला हलग्याकडे जातो. ह्याच शिवारात आपला बासमती पिकतो. डेहराडूनचा नव्हे, बेळगावी. शिजायला घातला की चार घरांना कळायचं. आता आमच्याकडे दोन एकर उरलेत, त्यात आईच्या हट्टापायी दहा गुंठ्यांत तो लावतो, बाकी इंद्रायणी. धूळवाफ पेरणी झाली, जूनमध्ये पीक वीतभर आलं, आणि जुलैत एका रात्रीत नाला पात्र सोडून आत आला की संपलं. पाणी दोन दिवसांत ओसरलं तर भात तगतं. आठवडाभर राहिलं तर नाही. परवा काकांबरोबर गेलो होतो. त्यांनी बांधावरून खोऱ्याचा दांडा आत घातला आणि बाहेर काढून मला दाखवला. ओला भाग त्यांच्या मुठीपर्यंत आला होता. मग वाकून एक रोप उपटलं, मूळ दोन बोटांत चोळलं, ते लिबलिबीत होऊन निघून आलं. नाकाशी नेलं आणि टाकून दिलं. बोलले काहीच नाहीत. पाण्यावर काय तरंगत होतं सांगू? थर्माकोल, एक उशी, औषधाच्या बाटल्या, आणि गेल्या गणपतीतलं मखर, त्यावरचा सोनेरी कागदाचा मोर तसाच.

नाला आधीच गाळानं भरलेला, त्यात शहराचं सांडपाणी, त्यात जलपर्णी, आणि आता शिवार चिरत गेलेला हलगा-मच्छे बायपासचा भराव. पाण्यानं जायचं कुठून? बायपासविरुद्ध शेतकरी कोर्टात गेले, जेसीबीपुढे आडवे झाले, बायकांनी मार खाल्ला. त्या वेळी ग्रुपवरच्या किती जणांनी तिथं जाऊन पाहिलं? मी एकदा गेलो होतो. अर्धा तास.

गंमत म्हणजे (गंमत कसली) हाच नाला ज्या हलग्याकडे जातो, तिथंच सुवर्ण विधानसौध आहे, कर्नाटकाचं दुसरं विधानभवन. 2012 ला उद्घाटन झालं. दर डिसेंबरला अख्खं सरकार दहा-बारा दिवस तिथं मुक्कामाला येतं. डिसेंबरात नाला शांत असतो, बिचारा. अधिवेशन जुलैत भरवा म्हणावं एकदा. अर्थात आपल्यालाही डिसेंबर आला की सीमाप्रश्नाचा मेळावा, परवानगी, जमावबंदी, धरपकड ह्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. सीमाप्रश्न सोडायचा नाही, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आपल्या आज्यांपासून घरात आहे. नुकसानभरपाईचा अर्ज मराठीत मिळायला हवा, ह्यावर मी आजही भांडतो. गेल्या साली एका कार्यालयात कन्नड अर्ज समोर टाकला, मी मराठी मागितला, साहेबांनी वर न बघता 'पुढचा' म्हटलं. शेवटी तो अर्ज भरून दिला आमच्या मागल्या गल्लीतल्या मागवाल्या अण्णांच्या पोरीनं. घरात कन्नड बोलणारी माणसं. त्यांच्या मागाच्या मोटारीत ह्याच नाल्याचं पाणी शिरलं होतं, तेव्हा तिचा अर्ज आणि माझा अर्ज एकाच टेबलावर. भरपाई दोघांनाही आली नाही.

मला एवढंच दिसतंय की नदीवर भांडायला समोर कुणीतरी लागतं आणि ते आहे. गोवा आहे, महाराष्ट्र आहे, कर्नाटक आहे. प्रत्येकाकडे वकील आणि कॅमेरे आहेत. नाल्याच्या पलीकडे कुणाचंच राज्य नाही. पलीकडे धामण्याच्या पाटलाचं शेत आहे, आणि तेही बुडालंय. मग राग काढायचा कुणावर? निवडणुकीला उभं राहणाऱ्याला त्यातून काय मिळणार? आणि खरं सांगायचं तर आपल्याला तरी काय मिळतं? म्हादईवर इमोजी टाकला की लढल्यासारखं वाटतं. नाल्यावर टाकला तर जावं लागतं.

ते मखर आमच्याच गल्लीतलं होतं. मोर मी ओळखला. वर्गणी मीही दिली होती.

काल रात्री काकांनी पुन्हा मेसेज टाकला : रविवारी सकाळी सात, पुलाजवळ, खोरं आणि कोयता घेऊन या, निदान पुलाखालची जलपर्णी तरी काढू. मागवाले अण्णा येतो म्हणालेत, त्यांच्याकडे ट्यूब आहे आणि दोर आहे. ग्रुपवर आतापर्यंत नऊ जणांनी 'येतो' म्हटलंय. त्यातले तिघे पुण्याला असतात.