मोहीम पंधरा दिवसांची, स्थलांतर सहा महिन्यांचे

मराठवाड्यातून माझ्यापर्यंत शाळेविषयीचे जे वाद पोहोचतात, त्यांत सध्या सर्वांत मोठा वाद वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये अशा शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या अनेक लहान शाळांची मिळून एक मोठी शाळा, उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हापासून समर्थक आणि विरोधक दोघेही अमेरिकेचा दाखला देतात. समर्थक म्हणतात, तिकडे खेडोपाडीच्या लहान शाळा कधीच बंद झाल्या आणि पिवळी बस दारात येते. विरोधक म्हणतात, तिकडे पैसा आहे म्हणून ते जमले. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली आहे आणि सध्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, मुलांनी शाळा अर्धवट सोडू नये यासाठी चालणाऱ्या एका कार्यक्रमात इंटर्न म्हणून काम करते. त्या कामातून मला असे दिसते की या वादात दोन्ही बाजूंच्या हातून मूळ प्रश्न निसटतो आहे.

बसचे खरे आहे. 1920 च्या सुमारास अमेरिकेत एकाच खोलीत भरणाऱ्या जवळपास 1 लाख 90 हजार शाळा होत्या आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्या जवळजवळ संपल्या. तरीही बस दारात येणाऱ्या याच देशात 2021-22 या वर्षी चारपैकी एकाहून अधिक मुले शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर होती. बालाघाटाच्या डोंगरातल्या वाडी-तांड्यांवर अंतर हा आजही मोठा अडसर आहे आणि वाहनाची पक्की सोय होण्याआधी तिथली शाळा बंद करणे मला अन्यायाचे वाटते. मात्र शाळा जवळ ठेवली म्हणजे मूल तिच्यात टिकते, हा समज मी येथे रोज खोटा ठरताना पाहते.

येथे गैरहजेरीची मोजणी कशी होते, हे सांगण्यासारखे आहे. वर्षाचे साधारण 180 दिवस धरले, तर कोणत्याही कारणाने 18 दिवस बुडाले की ते मूल धोक्याच्या यादीत येते; आजारपणही त्यातून सुटत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट बालफान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातील मुलांचा अनेक वर्षे माग काढून दाखवले की, पुढे शाळा सोडणाऱ्या अनेक मुलांच्या हजेरीत, वर्तनात आणि गणित-भाषेच्या निकालात त्याच्या खुणा सहावीतच उमटलेल्या असतात. आपल्याकडे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात सलग महिनाभर गैरहजर राहिलेले मूल धरले जाते. त्यामुळे दर आठवड्याला दोन दिवस घरी राहणारी, धाकट्या भावंडाला सांभाळणारी सातवीची मुलगी वर्षभर पटावर सुखरूप दिसते, आणि आठवीनंतर एके दिवशी दिसेनाशी होते.

मिनेसोटा विद्यापीठात 1990 मध्ये सुरू झालेल्या ‘चेक अँड कनेक्ट’ या पद्धतीत अशा प्रत्येक मुलामागे एक मार्गदर्शक नेमला जातो आणि तो किमान दोन वर्षे त्या मुलाची साथ सोडत नाही. वरच्या एका वर्गातला एक मुलगा सोमवारी हमखास गैरहजर असे. आईची रात्रपाळी रविवारी असते आणि सकाळी लहान बहिणीला तयार करणारे घरात दुसरे कोणी नाही, हे शाळेला कळायला त्याच्या मार्गदर्शक बाईंना काही महिने लागले. इतका वेळ देणारा माणूस असल्याशिवाय हे कारण कुणाच्या हाती आले नसते. मी इंटर्न असल्यामुळे उन्हाळ्यात निघून जाणार, म्हणून कोणतेही मूल माझ्याकडे सोपवले जात नाही. मी याद्या तपासते, घरी फोन करते, मार्गदर्शकांसोबत घरभेटींना जाते. हा नियम मला अतिशय योग्य वाटतो.

आपल्याकडची पद्धत मोहिमेची आहे. 4 जुलै 2015 रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. जुलै 2022 मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ पंधरा दिवस चालले. शिक्षक दारोदार फिरले, त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण बीड जिल्ह्यात जुलैमध्ये कोण सापडणार? तेव्हा ऊसतोड कामगार गावातच असतात आणि त्यांची मुले वर्गात असतात. त्यांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जे मूल सहा महिने ऊसाच्या फडातल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते, त्याला गावची शाळा ‘स्थलांतरित’ म्हणते आणि कारखान्याजवळची शाळा ओळखतही नाही.

साखरेचाच धागा येथेही आहे. मिनेसोटाच्या वायव्येला रेड नदीच्या खोऱ्यात साखरेच्या बीटाची शेती होते आणि तिच्या कामासाठी टेक्सासातून मजुरांची कुटुंबे अनेक दशके येत राहिली. अशा फिरत्या शेतमजुरांच्या मुलांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा स्वतंत्र शिक्षण कार्यक्रम 1966 पासून चालू आहे. त्याचे कार्यकर्ते शेतांवर आणि मजुरांच्या वस्त्यांवर जाऊन मुले शोधतात, आणि नोंद झालेले मूल स्थलांतरानंतर तीन वर्षे मदतीस पात्र राहते. ते ज्या राज्यात पोहोचेल, तिथल्या कार्यक्रमाने त्याच्याकडे पाहायचे असते.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोयही आहे. आई-वडील ऊसतोडीला गेले तरी मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात आणि ती हवीतच. तरीही वयात येणारी मुलगी मागे ठेवायला आई-वडील धजावत नाहीत, हे त्यांच्या बेपर्वाईचे लक्षण मानणाऱ्यांशी माझा ठाम मतभेद आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बालविवाहांच्या प्रमाणात परभणी आणि बीड हे राज्यात सर्वांत वर होते. ज्या भीतीपोटी मुलीचे लग्न लवकर उरकले जाते, तीच तिला फडावरही सोबत नेते. पालकांवर दंड बसवा, ही सूचना गावाकडून मला अनेकदा ऐकू येते. टेक्सासाने शाळा बुडवणाऱ्या मुलांवर वर्षानुवर्षे फौजदारी खटले चालवले आणि 2015 मध्ये ती पद्धत स्वतःच मोडीत काढली, कारण दंडाचा बोजा गरीब घरांवरच पडत होता.

मग काय करता येईल? कोणता कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, कोणत्या कारखान्याला जाणार, हे उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेच्या, व्यवहारामुळे बहुधा पावसाळ्यातच ठरलेले असते. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे नवरा-बायकोची नावे असतात आणि कारखान्याकडे त्या मुकादमाशी केलेला करार. त्याच यादीत मुलांची नावे आणि इयत्ता लिहायला लावली, तर धारूरचे गटशिक्षणाधिकारी दसऱ्यापूर्वी ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवू शकतील, आणि टोळी उतरेल त्या दिवशी तिथल्या केंद्रप्रमुखाच्या हातात तपासायला यादी असेल. त्या यादीतल्या प्रत्येक मुलासमोर एका शिक्षकाचे नाव हवे, आणि एप्रिलमध्ये मूल गावच्या वर्गात परत बसल्याचे कळेपर्यंत ते तसेच राहायला हवे.