दिवसाची लाईट आली, आता संध्याकाळचंही बघा

रब्बीत रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणं काय असतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. म्हणून शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेचं मी मनापासून स्वागत करतो. दुपारच्या उन्हावर विहिरीतलं पाणी उपसून शेततळ्यात टाकलं, म्हणजे ती वीज साठवल्यासारखीच झाली.

पण दिवस मावळला की सौर वीज शून्य, आणि नेमकी तेव्हाच घरोघरची मागणी वाढते. मग भिस्त पुन्हा कोळशावर. कोळशाचा संच बटण दाबून बंद-चालू होत नाही. संध्याकाळी लागणार म्हणून दुपारीही तो कमी भारावर जळत ठेवावा लागतो. वर त्याला पाणी लागतं ते वेगळंच. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. २०१६ ला लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं. अशा मुलखात कोळशाच्या विजेवर किती दिवस विसंबायचं?

वीज साठवणं आपल्याला नवं नाही. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचा जलविद्युत संच १९८४ पासून आहे. तो उलटा फिरवून खालचं पाणी परत धरणात चढवता येतं. तेच काम आता सबस्टेशनच्या आवारातली कंटेनरएवढी बॅटरी करू शकते: दुपारी भरायची, रात्री वापरायची.

स्मार्ट मीटरवरून गावोगावी वाद चाललेत. माझं म्हणणं, सुरुवात डीपीपासून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपासून करा. लाईट आली की आपोआप चालू होणाऱ्या ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कैक पट करंट ओढते. फ्यूज उडतात, फ्यूजला तार जाड घातली की डीपीच जळते. आमच्या शिवारात ऐन गहू निसवताना डीपी जळाली, आणि तिच्यावर किती भार होता हे कुणालाच सांगता येईना. डीपीवर मीटर असेल, भार क्षणोक्षणी सबस्टेशनला दिसत असेल आणि मोटारी थोड्या थोड्या अंतरानं सुरू होत असतील, तर त्याच डीपीवर तेवढंच रान नीट भिजेल. देशाचं ग्रिड स्मार्ट करायचं तर या शेवटच्या खांबापर्यंत यावं लागेल.

सौर प्रकल्पासाठी गायरान मागायला आता गावोगाव माणसं येतायत. जमीन जरूर द्यावी. पण ठराव करताना ग्रामसभेनं त्यातच लिहून घ्यावं: बॅटरी याच सबस्टेशनला बसली पाहिजे आणि तिची वीज संध्याकाळी आधी याच फिडरला, म्हणजे गावाला येणाऱ्या याच लाईनला मिळाली पाहिजे.